गीतरामायण कुणाच्या आवाजात?

चैत्र लागला की पुण्यात गीतरामायणाचे कार्यक्रम सुरू होतात. मोठ्या नाट्यगृहांत, सोसायट्यांच्या आवारात, देवळांच्या सभामंडपात. कुठे दोन तासांत निवडक पंधरा-वीस गाणी, कुठे लागोपाठच्या संध्याकाळी सगळी छप्पन्न. मध्यंतरात चहा घेताना श्रोत्यांमध्ये एक वाद हमखास निघतो. काहींना बाबूजींची, म्हणजे सुधीर फडके यांची, एकेक जागा जशीच्या तशी घेतलेली हवी असते. लय जरा वाढली, एखादी हरकत जास्तीची झाली, तरी त्यांचा विरस होतो. काहींचे म्हणणे असे, की सुधीर फडके ऐकायचे तर त्यांचीच ध्वनिमुद्रिका लावावी. समोर बसलेल्या गायकाने स्वतःचे काही सांगायचेच नसेल तर आपण घराबाहेर पडायचे कशाला? अलीकडे त्यात गाण्यांवर बसवलेले नृत्य, पडद्यावरची चित्रे, कीबोर्ड आणि आधीच मुद्रित केलेला ट्रॅक यांची भर पडली आहे. अशा प्रयोगांना गर्दी होते आणि त्यांच्याविषयी तक्रारीही होतात.

हा वाद ज्याच्या-त्याच्या आवडीचा म्हणून सोडून द्यावा, असे मला वाटत नाही. ज्या गाण्यांवर महाराष्ट्राच्या तीन पिढ्या वाढल्या ती चौथीने कशी गावीत, याचा निर्णय आपण दर वर्षी नकळत घेत असतो. शाळांच्या स्पर्धांतले परीक्षक तो गुण देताना घेतात, कार्यक्रमांचे संयोजक गायक ठरवताना घेतात, मुलीला पहिल्यांदा पेटीजवळ बसवणारे आईवडील घेतात. तो विचार करून घ्यायचा तर एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागेल. गीतरामायणाचे म्हणून जे रूप आपल्या कानात पक्के बसले आहे, ते त्याचे पहिले रूप नव्हे. ते दुसरे आहे.

पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. हे नवे केंद्र श्रोत्यांच्या घरात आपली जागा करू पाहत असताना तिथल्या सीताकांत लाड यांनी आपले स्नेही ग. दि. माडगूळकर यांना वर्षभर चालेल असे काहीतरी लिहायला सांगितले. त्यातून रामकथा गाण्यांत सांगायचे ठरले. माडगूळकरांनी लिहायचे, फडक्यांनी चाल बांधायची. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पहिले गीत प्रसारित झाले आणि मग दर आठवड्याला एक नवे. बेत बावन्न गाण्यांचा होता. पण त्या वर्षी अधिक महिना आला, पुढची रामनवमी लांबली आणि गाणी छप्पन्न झाली. १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीला मालिका पूर्ण झाली. त्या काळात घरोघर रेडिओ नव्हते. ज्याच्याकडे होता त्याच्या ओटीवर गाण्याच्या वेळी शेजारपाजार जमे, काही घरांत रेडिओला हार घातला जाई, उदबत्ती लावली जाई. नवे गाणे झाले की पुण्यातली वर्तमानपत्रे त्याचे शब्द छापत.

आता ही गाणी गायली कुणी, ते पाहा. रामाची गाणी फडक्यांची होती, काही निवेदनाचीही त्यांची होती. कौसल्या मात्र ललिता फडके यांच्या आवाजात होती. दशरथ बबनराव नावडीकर, विश्वामित्र राम फाटक, लक्ष्मण सुरेश हळदणकर, सुमंत गजाननराव वाटवे. भरत वसंतराव देशपांडे. सीतेसाठी माणिक वर्मा होत्या आणि लता मंगेशकर यांचाही आवाज सीतेच्या गाण्याला लाभला. अहल्या आणि शबरी मालती पांडे यांनी उभ्या केल्या, शूर्पणखा योगिनी जोगळेकर यांनी. अयोध्येतल्या स्त्रियांच्या समूहात कालिंदी केसकर, जानकी अय्यर, प्रमोदिनी देसाई, मंदाकिनी पांडे, सुमन माटे असे आवाज होते. व्हायोलिन घेऊन प्रभाकर जोग फडक्यांच्या सोबतीला होते.

ही नावे ओळीने वाचून पुढे जाण्यासारखी नाहीत. यांतला प्रत्येक गळा वेगळ्या घरातून आला होता. वाटव्यांनी भावगीत घरोघरी पोचवले होते, त्यामुळे रामाला सोडून परतलेला सुमंत त्यांच्या आवाजात आला तेव्हा लोकांना तो अनोळखी वाटला नसणार. वसंतरावांचा गळा रांगडा, कुठल्या स्वरावरून कुठे झेप घेईल याचा भरवसा नसलेला. आईवर संतापलेला भरत त्यांच्याकडे जावा यामागे संगीतकाराचा विचार दिसतो. राम फाटक स्वतः संगीतकार होते, पुढे भीमसेन जोशींच्या अभंगांना त्यांनी दिलेल्या चाली महाराष्ट्रभर गेल्या. माणिक वर्मा ख्याल आणि भावगीत दोन्हीकडे सारख्याच सहजतेने वावरत. योगिनीबाई कादंबऱ्या लिहीत आणि गातही. पुणे-मुंबईच्या त्या वेळच्या संगीताचे जणू सगळे प्रवाह एका वर्षासाठी एका कथेत येऊन मिळाले होते. हे गीतरामायण अनेकांचे होते.

मालिका संपल्यावर लोकांना ते समोर बसून ऐकायचे होते. एवढ्या गायक-गायिकांना गावोगाव घेऊन हिंडणे कुणाला परवडणार? फडके स्वतः गाऊ लागले, एकटे. रामाचे, भरताचे, कौसल्येचे, सीतेचे, शबरीचे, सगळेच. पुढे एच.एम.व्ही.च्या तबकड्या आल्या, मग कॅसेट, आणि त्या एका आवाजातले गीतरामायण घराघरांत कायमचे राहिले. पहिल्या रूपातले कितीतरी आवाज लोकांच्या कानांतून हळूहळू पुसट होत गेले. आज पुण्यात पन्नाशीच्या आतल्या दहा संगीतप्रेमींना कौसल्येचे गाणे कुणाचे असे विचारले, तर बहुतेक जण बाबूजींचेच नाव घेतील. ते चूकही म्हणता येणार नाही, कारण त्यांनी ऐकलेले तेच आहे.

म्हणजे ‘जसेच्या तसे गा’ असा आग्रह धरणारे ज्याला मूळ मानतात, ते संगीतकाराने स्वतःच्याच गाण्यांचे केलेले पुनर्गायन आहे. यावरून कुणी लगेच म्हणेल, की मग मूळ म्हणून काही उरतच नाही, ज्याला जसे हवे तसे त्याने गावे. मला ते पटत नाही. जसेच्या तसे गाण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे वजनदार कारणे आहेत आणि ती नीट ऐकून घ्यायला हवीत.

त्यांतले पहिले कारण शब्दांचे. ख्यालात दोन ओळींची बंदिश पुरते. तिथे शब्द मागे पडले तरी राग पुढे जातो. गीतरामायणातले एकेक गाणे आठ-आठ, दहा-दहा कडव्यांचे असते आणि त्यात कुणीतरी कुणाला काही सांगत, विनवत, समजावत असते. चित्रकूटावर राम भरताची समजूत घालतो ते गाणे घ्या. एकेका कडव्यात एकेक युक्तिवाद आहे आणि तो पुढच्या कडव्याशी बांधलेला आहे. श्रोत्याचा एक शब्द निसटला की युक्तिवादाचा दुवा निसटतो. फडक्यांचे गाणे ऐकताना श्वास कुठे घेतला हे कळत नाही, पण समास कधी तुटत नाही. जोडाक्षरातले दुसरे अक्षर गिळले जात नाही. ओळीचा शेवटचा स्वर लांबवताना शब्दातली ऱ्हस्व वेलांटी दीर्घ होत नाही. हे आपोआप होत नाही. त्यामागे शब्दाची बाजू घेणारा एक संगीतकार होता, आणि गळ्याला मुभा द्यायची की अर्थाला, असा प्रसंग आला की तो अर्थाकडे झुकत असे. त्याची प्रत्येक जागा अशी निवडलेली असेल, तर ती बदलणाऱ्याने आधी ती का निवडली होती हे सांगायला हवे. पुष्कळदा ते सांगता येत नाही. लय वाढवली की गाणे चटपटीत होते एवढेच कारण असते, आणि त्या चटपटीतपणात माडगूळकर हरवतात.

दुसरे कारण एकट्याने गाण्याचे. आपल्याकडे कीर्तनकार एकटाच उभा राहतो आणि राजा, राणी, शत्रू, सेवक सगळ्यांचे बोलणे आपल्या तोंडून सांगतो. श्रोत्यांना त्यात अडचण वाटत नाही. फडक्यांचे एकट्याचे गीतरामायण त्या परंपरेत चपखल बसते. शिवाय या रचनेची चौकटच तशी आहे. रामासमोर बसून कुश-लव ही कथा गातात, म्हणजे सगळ्या पात्रांचे बोलणे त्या दोन मुलांच्याच मुखातून येते. कौसल्येचे दुःख पुरुषाच्या आवाजात आले म्हणून ते उणे ठरत नाही. वाल्मीकींच्या बालकांडात तर आणखी एक गोष्ट आहे. तिथे ही मुले गुरूने जसे शिकवले तसे, मन एकाग्र करून गातात असे वर्णन आहे. शिकवले तसेच. रामकथा गाणाऱ्यांचा पहिला गुण वाल्मीकींनी हा सांगितला, आणि ऐकणाऱ्या ऋषींच्या डोळ्यांत पाणी आल्याचेही सांगितले. जशाच्या तशा गाण्यात जीव नसतो म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

इथवर तराजू एका बाजूला झुकलेला दिसेल. पण पुण्याच्याच संगीताचा इतिहास दुसरे पारडे भरतो, आणि तेही भक्कम भरतो.

१९११ मध्ये ज्यांनी पुण्यात भारत गायन समाज काढला, त्या भास्करबुवा बखल्यांनी १९१६ च्या ‘स्वयंवर’ला चाली दिल्या आणि बालगंधर्वांनी त्या गायल्या. तबकडीवर त्या तीन-साडेतीन मिनिटांत मावल्या. रंगभूमीवर तेच पद वन्समोरने किती रंगायचे, याच्या आठवणी जुन्या पुणेकरांनी लिहून ठेवल्या आहेत. प्रत्येक वेळी तेच शब्द, तीच चाल आणि तरी गाणे नवे. मग मास्टर दीनानाथ आले, त्यांनी नाट्यगीताला पंजाबी अंगाची आक्रमक गायकी दिली. त्यांच्या गाण्याने वसंतराव देशपांडे भारले गेले. दीनानाथांची पदे वसंतराव गात तेव्हा त्यांत दीनानाथांचा वारसा स्पष्ट दिसे, पण नक्कल कुठेही नसे. आणि हेच वसंतराव गीतरामायणातले भरत होते. म्हणजे पहिल्या गीतरामायणात फडक्यांनी ज्यांना बोलावले, त्यांत ऐकलेले जसेच्या तसे गाणे ज्याच्या स्वभावातच नव्हते असा गायक होता. संगीतकाराला ते माहीत नव्हते, असे कोण म्हणेल?

‘कट्यार काळजात घुसली’चेही तेच. १९६७ मध्ये जितेंद्र अभिषेकींच्या संगीतावर वसंतरावांनी खाँसाहेब उभे केले. पुढे नातू राहुल देशपांडे यांनी रंगमंचावर तीच भूमिका केली आणि २०१५ च्या चित्रपटात खाँसाहेबांना आवाज दिला. चित्रपटात जुन्या पदांबरोबर शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी आली, काही पदे आखडली. जुन्या रसिकांना त्यातले सगळे पटले नाही आणि त्यांचे काही आक्षेप रास्त होते. पण त्या चित्रपटानंतर शाळा-कॉलेजातली मुले नाट्यपदे गुणगुणू लागली, हेही याच शहराने पाहिले. आपण नाट्यगीताला पुनर्जन्माची जी मोकळीक देतो ती गीतरामायणाला देताना का कचरतो? उत्तर असे असावे, की नाट्यगीताचा कुणी एकच गायक आपल्या मनात पक्का झालेला नाही. गीतरामायणाचा झाला आहे.

गाणे दुसऱ्याने गायल्यावर काय काय होऊ शकते याची दोन उदाहरणे दूरच्या देशातली आहेत आणि दोन्ही इथे कामाला येतात. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत चाळीस-पन्नासच्या दशकांत जे संगीत वाढले त्याला ऱ्हिदम अँड ब्लूज म्हणतात. लायबर आणि स्टोलर या तरुण जोडीने लिहिलेले ‘हाउंड डॉग’ हे गाणे बिग मामा थॉर्नटन या गायिकेने १९५२ मध्ये गायले. पुढच्या वर्षी ते त्या संगीताच्या यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. आयतखाऊ पुरुषाला घराबाहेर काढणाऱ्या बाईचे ते गाणे होते. १९५६ मध्ये, म्हणजे आपल्याकडे गीतरामायण पूर्ण झाले त्याच वर्षी, एल्विस प्रेस्लीने ते गायले. तेही थॉर्नटनकडून घेऊन नव्हे, लास वेगासमध्ये एका बँडने शब्द बदलून केलेल्या रूपावरून. बाईचा राग नाहीसा झाला आणि उरले ते खरोखरच्या कुत्र्याला उद्देशून म्हटलेले मजेचे गाणे. एल्विसच्या तबकडीचा खप लाखोंच्या घरात गेला. थॉर्नटनला त्या गाण्याचा पाचशे डॉलरचा एक धनादेश मिळाला, असे ती सांगत असे. जगाला ते गाणे एल्विसचे म्हणून माहीत आहे.

दुसरे गाणे ओटिस रेडिंगचे ‘रिस्पेक्ट’, १९६५ मधले. दमून घरी आलेला नवरा बायकोकडे मान मागतो आहे. दोन वर्षांनी अरीथा फ्रँकलिनने तेच गाणे बाईच्या बाजूने गायले, त्यात आपल्या भर घातलेल्या ओळी आणि बहिणींचा कोरस आणला, आणि एका घरातली मागणी साऱ्या स्त्रियांची आणि कृष्णवर्णीयांची मागणी झाली. त्याच वर्षी माँटेरीच्या मंचावर रेडिंगने हसत कबूल केले, की हे गाणे एका मुलीने आपल्याकडून नेले.

पहिल्या उदाहरणात पुनर्गायनाने गाण्यातला माणूस घालवला, दुसऱ्यात नवा माणूस आणला. दोन्हीकडे आवाज बदलला होता, दोन्हीकडे शब्दही बदलले होते. फरक एवढाच दिसतो, की अरीथाला त्या शब्दांतून काहीतरी सांगायचे होते. गीतरामायणाची स्थिती या दोहोंहून वेगळी आहे. इथे कुणी कुणाचे काही बळकावले नाही. ज्याने चाल बांधली त्यानेच ती पुढे गायली, आणि त्याच्या परिश्रमांमुळेच ती टिकली. पण परिणामाची एक बाजू थॉर्नटनच्या कहाणीसारखी आहे. पहिले गायक विस्मरणात गेले. कुणाच्या वाईट हेतूने नाही, लोकांच्या प्रेमामुळे गेले. म्हणून ते भरून काढायची जबाबदारीही त्या प्रेमाचीच आहे.

कायद्याकडेही एकदा पाहून घेऊ, कारण गाण्यात काय बदलावे आणि काय नाही ही रेघ त्याने काहीशी आखूनच दिली आहे. ऐंशीच्या दशकात टी-सीरीजने जुन्या हिंदी गाण्यांच्या नव्या आवाजातल्या स्वस्त कॅसेट बाजारात आणल्या, तेव्हा कायद्यातल्याच एका तरतुदीच्या आधारे असे पुनर्मुद्रण करता येत असे. २०१२ च्या दुरुस्तीने त्यासाठीची मुदत पाच वर्षांची केली, वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींइतके मानधन बांधून दिले, आणि हक्कदाराच्या संमतीशिवाय, तांत्रिक गरज वगळता, शब्दांत वा संगीतात बदल करायला मनाई केली. म्हणजे नवा आवाज चालेल, चालीची मोडतोड चालणार नाही. ही तरतूद ध्वनिमुद्रणापुरती आहे, मंचावरच्या कार्यक्रमाला दुसरे नियम लागतात. पण दिशा मला योग्य वाटते.

गीतरामायणाच्या बाबतीत तर ती आणखी योग्य आहे. हिंदी, गुजराती, कन्नड, बंगाली, संस्कृत अशा अनेक भाषांत त्याचे अनुवाद झाले, आणि अनुवादकांनी ते फडक्यांच्या चालींवरच गाता यावेत अशा बेताने बांधले. शब्द बदलले, भाषा बदलली, चाल राहिली. मराठीत शब्द आणि चाल या दोहोंची वीण इतकी घट्ट आहे, की त्यांतले एकही सुटे करू नये. मोकळीक असावी ती आवाजाला, लयीच्या थोड्याफार फरकाला, साथीच्या वाद्यांना. बासरीऐवजी सतार आली, तबल्याबरोबर पखवाज आला, तर बिघडत नाही. नृत्यालाही माझी हरकत नाही. नाचणाऱ्याने शब्द ऐकलेले असले म्हणजे झाले.

ट्रॅकला मात्र हरकत आहे आणि ती मी ठामपणे मांडतो. आधीच मुद्रित केलेल्या साथीवर गाताना गायकाला थांबता येत नाही. दशरथाच्या शेवटच्या क्षणी एका शब्दावर क्षणभर रेंगाळावे असे वाटले तरी यंत्र पुढे गेलेले असते. जसेच्या तसे गाणाऱ्याला फडक्यांचा ठहराव हवा असतो, स्वतंत्रपणे गाणाऱ्याला स्वतःचा हवा असतो. ट्रॅक दोघांनाही तो देत नाही. वादकांचे मानधन वाचते हे खरे, आणि छोट्या मंडळांना त्याचा आधार वाटतो हेही समजण्यासारखे आहे. पण एक पेटी आणि एक तबला एवढ्या साथीवर गीतरामायण उत्तम होते. त्यासाठी पैशांची नाही, तालमीची गरज लागते.

मग जशाच्या तशा गाण्याचे काय करायचे? शिकताना ते हवेच. बारा वर्षांच्या मुलाने फडक्यांची एकेक जागा गळ्यावर चढवावी, त्यातून त्याला शब्द कसा टाकावा हे कळेल. चूक होते ती आपण त्या शिडीलाच घर मानतो तिथे. स्पर्धेत परीक्षक साधर्म्याला गुण देतात, आणि मुले वयाच्या विसाव्या वर्षीही तीच हरकत, तोच श्वास, कधीकधी आवाजातली तीच थरथर आणत राहतात. परीक्षकांनी मुलाला गाण्यातल्या प्रसंगाविषयी दोन प्रश्न विचारावेत. हे कोण बोलते आहे, कुणाला, का? उत्तर देणाऱ्या मुलाचे गाणे आपोआप वेगळे होईल.

मुलींच्या बाबतीत हे अधिकच जाणवते. कौसल्येचे गाणे आज एखादी तरुण गायिका म्हणते तेव्हा बहुतेक वेळा ती फडक्यांच्या जागा आपल्या पट्टीत उचलून घेते. पुरुषाने आईच्या मनात शिरून गायलेले गाणे ती पुन्हा बाईच्या गळ्यात आणते, पण वळणे पुरुषाच्या गळ्याचीच राहतात. ज्या ललिताबाईंनी हे गाणे पहिल्यांदा आई म्हणून गायले, त्यांच्यापर्यंत ती पोचलेलीच नसते. मालती पांड्यांची शबरी, योगिनीबाईंची शूर्पणखा, माणिकताईंची सीता यांच्याविषयीही हेच म्हणता येईल. या गायिकांचे गाणे ऐकून मग तिने फडक्यांकडे यावे, आणि दोघांच्या मधून स्वतःची वाट काढावी. स्वातंत्र्य हवे म्हणणाऱ्यांना आणि निष्ठा हवी म्हणणाऱ्यांना, दोघांनाही या एका गोष्टीवर एकत्र यायला काही अडचण नसावी.

त्यासाठी तीन ठिकाणी काम व्हायला हवे. पहिले आकाशवाणीच्या पुणे केंद्रात. पहिल्या प्रसारणाची जेवढी ध्वनिमुद्रणे हाताशी आहेत ती दर चैत्रापासून मूळ क्रमाने, आठवड्याला एक, गायकाचे नाव आणि त्याच्याविषयी दोन वाक्ये सांगून ऐकवावीत, आणि ती विद्यार्थ्यांना सहज मिळावीत. या केंद्राच्या नावावर याहून मोठे काम दुसरे नाही. दुसरे काम निवेदकांचे. प्रत्येक गाण्याआधी माडगूळकर-फडके यांच्याबरोबर पहिल्या गायकाचे नाव घ्यावे. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही. तिसरे संयोजकांचे. गीतरामायण पुन्हा अनेक आवाजांत करावे. खर्चाची अडचण मला ठाऊक आहे, आठ-दहा गायक आणणे प्रत्येक मंडळाला जमणार नाही. पण एका पुरुषाऐवजी तीन आवाज आणता येतात, एक तरुण, एक प्रौढ, एक बाई, आणि राम, दशरथ, कौसल्या वेगवेगळ्या गळ्यांतून आले की तेवढ्यानेही कथा वेगळी उभी राहते. ज्यांना एकट्याने, कीर्तनकाराच्या रीतीने गायचे आहे त्यांनी तसे गावे. दोन्ही परंपरा आहेत, दोन्हींना याच शहरात जागा आहे.

हे लवकर करायला हवे, याला एक व्यावहारिक कारणही आहे. माडगूळकर १९७७ च्या डिसेंबरमध्ये गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकणारा हक्क त्यांच्या शब्दांवर २०३७ अखेरपर्यंत राहील. फडके २००२ मध्ये गेले, त्यांच्या चालींवरचा हक्क २०६२ अखेरपर्यंत. म्हणजे मधली पंचवीस वर्षे अशी येतील, की शब्द कुणालाही घेता येतील आणि चाल घेता येणार नाही. साहजिकच कुणीतरी या शब्दांना नव्या चाली लावेल, आणि त्या वेळी त्याला अडवायला कायदा सहसा पुढे येणार नाही. मला स्वतःला ते नको वाटते, पण माझ्या नको वाटण्याने ते थांबणार नाही, आणि त्यातून काही चांगलेही निघू शकेल हे मी नाकारत नाही. तो संगीतकार आज पुण्यातल्या एखाद्या शाळेत पाचवी-सहावीत असेल. त्याच्या कानावर पुढच्या दहा वर्षांत नावडीकरांचा दशरथ आणि वसंतरावांचा भरत पडणार आहे की नाही, हे मात्र आजच्या आकाशवाणीच्या, संयोजकांच्या आणि परीक्षकांच्या हातात आहे.